योशी: विशेषनाम की सामान्यनाम?

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी आम्ही सिंदी मेघेत एका स्नेह्यांच्या घरी बसलो होतो. वर्धा शहराला लागून असलेल्या या गावातही, विदर्भात सर्वत्र असतो तसा, पोळ्याचा दुसरा दिवस मुलांचा. चाके लावलेले लाकडी बैल सजवून पोरे घरोघर जातात आणि बोजारा मिळवतात. या घरातल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा बैल ओसरीत उभा होता. त्याचे नाव सर्जा. मुलगा मात्र पुण्याहून आलेल्या मामाच्या यंत्रावर ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ हा निन्तेन्दो कंपनीचा जुना खेळ खेळण्यात गुंग होता. पडद्यावरचा मारिओ डायनासोरसारख्या एका हिरव्या प्राण्यावर स्वार झाला होता. वाटेत रुंद दरी आली. प्राण्याने उडी घेतली. ती अपुरी पडते असे दिसताच मारिओने अधांतरीच त्याच्या पाठीवरून दुसरी उडी मारली आणि पलीकडचा काठ गाठला. प्राणी दरीत गेला. थोडे पुढे एका ठोकळ्यातून अंडे निघाले आणि त्यातून हुबेहूब तसाच प्राणी.

आम्ही विचारले, “याचं नाव काय?”

“योशी.”

“अन् मघाशी पडला तो?”

“तोही योशीच नं!”

मुलाचे उत्तर खेळाच्या नियमांना धरून अगदी बरोबर होते. तरीही ते आम्हांस अस्वस्थ करून गेले, आणि त्या अस्वस्थतेचे कारण आम्हांला शाळेतल्या व्याकरणात सापडले.

‘बैल’ हे सामान्यनाम, ‘सर्जा’ हे विशेषनाम, हे आपण लहानपणीच शिकतो. विशेषनामाचे सामान्यनाम होऊ शकते, हेही शिकतो. झोपाळू माणसाला आपण कुंभकर्ण म्हणतो. शिवाचा नंदी एकच, परंतु दारोदार फिरणारा कोणताही सजवलेला बैल नंदीबैल होतो. ‘योशी’ या शब्दाची गंमत अशी, की तो एकाच वेळी दोन्ही आहे. एका प्राण्याचे ते नाव आहे आणि त्याच्या सबंध प्रजातीचेही. म्हणूनच एक दरीत पडला तरी योशी शिल्लक राहतो. ज्याला केवळ जातीचे नाव आहे, त्याच्या जागी दुसरा आणता येतो, आणि आणला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हा खेळ 1990 मध्ये जपानात प्रसिद्ध झाला. मारिओला एखाद्या प्राण्यावर बसवावे ही त्याच्या कर्त्यांची इच्छा त्याहून जुनी. आधीच्या यंत्राच्या मर्यादेमुळे ती राहून गेली होती. म्हणजे योशी जन्मला तो वाहन म्हणून. शत्रूचा आघात झाला तर तो योशीवर निभावतो. स्वार खाली पडतो, पण त्याला इजा होत नाही. मात्र कर्त्यांनी या वाहनाला एक पूर्वकथाही दिली, आणि आमचा मुद्दा तेथेच आहे. पहिल्यांदा अंड्यातून बाहेर येताच तो आपले नाव सांगतो. आपल्या मित्रांना सोडवायला आपण निघालो होतो आणि वाटेत स्वतःच अंड्यात कोंडले गेलो, असेही सांगतो. ते मित्र सात किल्ल्यांत सात अंड्यांच्या रूपाने बंदिस्त आहेत. पण किल्ल्याशी पोहोचताच मारिओ पायउतार होऊन एकटाच आत जातो आणि योशी दाराबाहेर थांबतो. आपल्याकडे नंदीही गाभाऱ्याबाहेरच बसतो. परंतु त्याचे तोंड देवाकडे असते, आणि त्याच्या शिंगांमधून पिंडीचे दर्शन घेण्याची रीत आहे. योशीच्या बाहेर थांबण्याला असा कोणताही मान नाही. मित्र त्याचे, मोहीमही मुळात त्याची; तो मात्र त्या मोहिमेचे साधन होऊन राहिला आहे.

यावर कुणी म्हणेल, बुद्धिबळात आपण प्यादे देतोच, त्याचे सुतक कोण पाळतो? आक्षेप रास्त आहे. पण प्यादे आपले नाव सांगत नाही, मित्रांची चिंता बोलून दाखवत नाही. ज्याला खेळाने एकदा बोलते केले, त्याला पुन्हा मुके प्यादे समजायचे तर ऐकलेले विसरावे लागते. कर्त्यांनाही हे कुठेतरी खुपले असावे, असे आम्हांस वाटते. 1995 च्या ‘योशीज आयलंड’मध्ये मारिओ तान्हे बाळ आहे, आणि योशी त्याला पाठीवर घेऊन, एकाने दुसऱ्याच्या स्वाधीन करत, बेट पार करवतात. येथे वाहनच नायक झाले. तरीही त्यांतील कुणाला स्वतःचे नाव मिळाले नाही. हिरवा, तांबडा, पिवळा एवढीच ओळख.

नाव कोण देतो, हा प्रश्न खऱ्या डायनासोरांबाबतही उरतोच. वर्ध्याहून दक्षिणेला, हिंगणघाट ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याकडे गेले, की त्या तालुक्यात डोंगरगाव आहे. तेथील सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोराचा सांगाडा मिळाला. सोहनलाल जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 2003 मध्ये त्याला ‘इसिसॉरस कोल्बर्टी’ हे आजचे नाव मिळाले. त्यातील पहिला शब्द कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आद्याक्षरांवरून, दुसरा एका अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञावरून. विज्ञानाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. पण वऱ्हाड-नागपूरच्या मातीत निघालेल्या या जिवाला मराठीने हाक मारायला अद्याप शब्द घडवलेला नाही. आपल्या मुलांना योशी ठाऊक असतो, इसिसॉरस नसतो. दोष मुलांचा नाही.

नाव दिले की सारे भागते, असे आम्ही म्हणत नाही. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावली, तोच सर्जा थकल्यावर किंवा नापिकीच्या वर्षी बाजारात उभा राहतो, हे या जिल्ह्यातल्या कुणालाही सांगायला नको. नावाने त्याची विक्री टळत नाही. पण विकून आलेला माणूस त्या रात्री जेवत नाही, आणि पुढच्या बैलाला ‘तोही सर्जाच’ असे सहजी म्हणू शकत नाही. नावाने साधते ते इतकेच. सामान्यनामाने ओळखल्या जाणाऱ्याला विशेषनाम मिळवून देणे, हे कथावाङ्मयाचे जुने काम आहे. ग्रामीण आणि दलित साहित्याने ते मराठीत मोठ्या हिमतीने केले. ‘जात’ हा आपला शब्द प्राण्यांच्या प्रकाराला आणि माणसांच्या उतरंडीला एकच आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना निराळे समजावून द्यावे लागू नये.

म्हणूनच अशा खेळांकडे मुलांना बिघडवणारी परकी वस्तू म्हणून पाहण्याऐवजी वाचण्याजोगी कथा म्हणून पाहावे, अशी आमची साहित्याच्या अध्यापकांना विनंती आहे. त्यासाठी लागणारी अवजारे परकी नाहीत. व्याकरणाचे पुस्तक आणि गावातला पोळा पुरेसा आहे. वर्गात एवढाच प्रश्न टाकावा: दरीत पडलेला योशी कोण होता?

त्या मुलाला आम्ही तो विचारला. त्याने क्षणभर खेळ थांबवला, उत्तर दिले नाही, आणि पुढची दरी येताच योशीसकट मागे वळून दुसरी वाट शोधू लागला.