योजनेत बसणारे स्त्रीरोगतज्ज्ञ कसे शोधावेत?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. बहात्तर वर्षांच्या एक आजी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेण्यासाठी माझ्याकडे आल्या होत्या. निघताना सुनेला बाहेर थांबायला सांगून त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, चार महिने झाले, मधूनमधून अंगावरून लाल जातंय. घरात बोलले नाही. मुलाचा हात आधीच तंग आहे." त्यांची पाळी जाऊन वीस वर्षे लोटली होती.

वाचकहो, पाळी थांबून एक वर्ष उलटल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो 'वयाचा भाग' समजू नये. पुष्कळदा योनिमार्गाचा कोरडेपणा किंवा साधा पॉलिप एवढेच कारण निघते. परंतु काही स्त्रियांमध्ये ते गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असते. तो वेळीच सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते.

मी सुनेला आत बोलावून सारे सांगितले. त्या माउलीने दोन दवाखाने पालथे घातले. दोन्हीकडे "आमच्याकडे योजना चालत नाही" हेच उत्तर मिळाले. येथेच बहुतेक कुटुंबे थकतात. म्हणून काही गोष्टी नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, योजनेशी करार असतो तो रुग्णालयाचा. त्यामुळे 'योजनेतील डॉक्टर' शोधण्याऐवजी 'योजनेतील रुग्णालय' शोधावे. शिवाय तो करार विभागवार असतो. हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असलेले रुग्णालय स्त्रीरोगासाठी असेलच असे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मान भारतसाठी १४५५५ या क्रमांकावर फोन करावा व स्पष्ट विचारावे : "आमच्या जिल्ह्यात स्त्रीरोग विभागासाठी कोणती रुग्णालये आहेत?"

दुसरी गोष्ट, या योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि निदानापूर्वीची सोनोग्राफी यांचा खर्च सहसा स्वतःलाच करावा लागतो. म्हणून आरंभ जिल्हा रुग्णालयाच्या किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागातून करावा, हे मी आवर्जून सांगतो. तेथे तपासणी अल्प खर्चात होते. काही शस्त्रक्रिया योजनेत सरकारी रुग्णालयांसाठीच राखीव असतात. अशा वेळी पुढची धावपळही वाचते.

तिसरी गोष्ट, सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना उत्पन्नाची अट नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यासाठी 'आयुष्मान वय वंदना' कार्ड सुरू झाले असून त्यात कुटुंबातील सत्तरीपुढील सदस्यांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ते आधार कार्डावरून काढता येते. आजारपण येण्याची वाट न पाहता ते आजच काढून ठेवावे.

रुग्णालयात गेल्यावर प्रथम आरोग्यमित्राला भेटावे. आधार कार्ड, रेशन कार्ड, योजनेचे कार्ड आणि जुने कागद एका पिशवीत ठेवावेत. शस्त्रक्रियेपूर्वी मंजुरी आली का, आणि मंजूर उपचारासाठी वेगळे पैसे मागितले जाणार नाहीत ना, हे विचारण्यात संकोच कसला? मात्र रक्तस्राव फार होत असेल, चक्कर येत असेल, तर यादी पाहत बसू नये; जवळचे रुग्णालय गाठावे.

आजींची तपासणी वैद्यकीय महाविद्यालयात झाली. कर्करोगच निघाला, पण सुरुवातीच्या टप्प्यातला. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया योजनेतून पार पडली. आता त्या पुन्हा रक्तदाबाच्या गोळ्यांपुरत्याच माझ्याकडे येतात.

घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया अंग बाहेर येणे, लघवी न थांबणे, रक्त जाणे यांविषयी आपणहून बोलत नाहीत. लाज असते, आणि त्याहून मोठी खर्चाची धास्ती. आज जेवण झाल्यावर आईजवळ किंवा सासूबाईंजवळ जरा बसा. "काही त्रास होतोय का?" असे विचारा, आणि खर्चाची वाट आपल्याला ठाऊक आहे, हेही त्यांना सांगा.