नावडतीचे मीठ

'नावडतीचे मीठ अळणी' ही म्हण शिकवताना मला नेहमी एक शंका येते. कहाणीतल्या राजाला दोन राण्या असतात, एक आवडती आणि एक नावडती. आवडती माडीवर राहते, नावडतीला गोठ्याशेजारचे खोपटे मिळते. इथवर सगळे ठीक आहे. पण दोघींच्या घरी मीठ येते ते एकाच वाण्याकडून ना? मग तेच मीठ एकीच्या आमटीत चविष्ट आणि दुसरीच्या आमटीत अळणी कसे लागते? हा प्रश्न परीक्षेत आजवर कोणी विचारलेला नाही, आणि त्याचे उत्तर मला ग्रंथालयातही मिळाले नाही. ते मिळाले एका मोटारीत. मोटारही साधीसुधी नव्हे, इटलीची फेरारी!

थांबा, वाचकहो! मराठीच्या प्राध्यापकाने फेरारी घेतली, असे समजून प्राप्तिकर खात्याला कळवण्याची घाई करू नका. माझ्या दारात एक स्कूटर आहे आणि तिचाही विमा मी शेवटच्या दिवशी भरतो. फेरारी आहे माझ्या मामेभावाची. दादा तीसेक वर्षांपूर्वी दातांचा डॉक्टर म्हणून इंग्लंडात गेला आणि लेस्टरला स्थायिक झाला. तिथे त्याने २००८ साली ही गाडी घेतली. तीही जुनीच, १९८४ सालची. तेव्हापासून मालकी त्याची आणि वकिली माझी अशी आमची वाटणी आहे. खर्च कोणाचा, हे सांगायला नको.

गाडीचे नाव माँडियाल. अर्थ 'जागतिक'. अल्बेर्तो अस्कारी याने १९५२ आणि १९५३ साली फेरारीला लागोपाठ दोनदा जगज्जेतेपद मिळवून दिले, त्याची आठवण म्हणून फेरारीने तेव्हा एका शर्यतीच्या गाडीला हे नाव दिले होते. तेच पुढे हिला मिळाले. आजीचे नाव नातीला ठेवतात, तसेच. १९८० च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार-प्रदर्शनात ही नात जगापुढे आली. माझाही जन्म त्याच सालचा. समवयस्कांविषयी माणसाला एक आपलेपणा असतो. त्यामुळे हिला कोणी नावे ठेवली, की मला राहवत नाही.

आणि नावे ठेवणारे उदंड आहेत. 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाने २००७ साली जगातल्या आजवरच्या पन्नास सर्वांत वाईट मोटारींची यादी छापली. यादी करणारे डॅन नील म्हणजे पुलित्झर पारितोषिक मिळवलेले समीक्षक. त्या यादीत १९८० ची 'माँडियाल ८' आहे. ही यादी वाचून वर्षही उलटले नव्हते, तोच दादाने गाडी घेतली. आमच्या घराण्यात तज्ज्ञांचे ऐकण्याची पद्धत नाही, ती अशी.

आता आरोपपत्र वाचू. पहिला आरोप असा, की ती सुस्त आहे. दुसरा, की ती दिसायला बरी नाही. तिच्या दोन्ही कुशींवर हवा आत घेण्यासाठी काळ्या पट्ट्यांच्या जाळ्या आहेत, त्या पाहून लोकांना किसणी आठवते. तिसरा, की विजेच्या तारांचे तिचे काम भरवशाचे नाही. चौथा आरोप कागदावर कोणी स्पष्ट लिहीत नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच असतो. तो मी शेवटी घेतो.

सुस्तीचे आधी पाहू. पहिल्या माँडियालचे एंजिन आठ सिलिंडरांचे, जवळजवळ तीन लिटरचे आणि २१४ अश्वशक्तीचे होते. फेरारीच्या मानाने हे कमीच, वकील असलो तरी मी ते नाकारणार नाही. पण असे का झाले? याच एंजिनाची कार्ब्युरेटरवर चालणारी आधीची आवृत्ती कागदोपत्री २५५ अश्वशक्तीची होती. मग धुराविषयीचे कायदे कडक झाले, कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल मोजून आत सोडणारी यंत्रणा आली, आणि धुराबरोबर जोरही कमी झाला. त्या काळी सगळ्यांचीच ही गत झाली होती. अमेरिकेची प्रसिद्ध कॉर्व्हेट १९८० साली कॅलिफोर्नियात विकायला ठेवली, ती अवघ्या १८० अश्वशक्तीची होती.

खरी गंमत पुढेच आहे. हेच एंजिन, हीच २१४ अश्वशक्ती, त्याच कारखान्यात त्याच वर्षी दुसऱ्या एका गाडीत बसवली जात होती. तिचे नाव ३०८. त्याच वर्षी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर 'मॅग्नम पी. आय.' ही मालिका सुरू झाली. तीत टॉम सेलेक हा झुबकेदार मिशांचा नट हवाई बेटांवर लाल ३०८ उडवीत हिंडे. मालिका १९८८ पर्यंत चालली आणि ३०८ घरोघरच्या पोरांच्या भिंतीवर चिकटली. ही आवडती! तिला सुस्त म्हणण्याची छाती कोणाला झाली नाही. ती दीडएकशे किलोंनी हलकी होती, म्हणून थोडी चपळही होती, हे मान्य. पण मीठ एकाच बरणीतले होते, वाचकहो.

माँडियालला नटांचा आशीर्वाद मिळाला नाही असे नाही. 'सेंट ऑफ अ वुमन' या १९९२ च्या चित्रपटात अल पचिनोने एका निवृत्त, आंधळ्या लष्करी अधिकाऱ्याचे काम केले आहे. तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर जी लाल गाडी भरधाव सोडतो, ती टपाची घडी होणारी माँडियाल. या भूमिकेसाठी पचिनोला ऑस्कर मिळाले. गाडीच्या वाट्याला मात्र एवढीच थट्टा आली, की हिच्यावर भाळायला माणूस आंधळाच हवा.

तारांविषयीचा आरोप मी खोडत नाही. त्या काळच्या इटालियन गाड्यांचे विजेचे काम म्हणजे आमच्या वाड्यातल्या जिन्याच्या दिव्यासारखे. लागला तर लागला. पण हा दोष आवडतीतही होता. तिच्या बाबतीत लोक त्याला 'स्वभाव' म्हणत.

आता परीक्षक या नात्याने एक गोष्ट सांगतो. एखादा मुलगा सहामाहीत नापास होतो. मग तो अभ्यास करतो, वार्षिकला दुसरा वर्ग मिळवतो, पुढच्या वर्षी पहिला. तरी शिक्षकांच्या खोलीत त्याचे नाव निघाले, की कोणीतरी म्हणतेच, "तो का? तो नापास झालेला!" माँडियालचे हेच झाले. १९८२ साली तिच्या प्रत्येक सिलिंडरला दोनाऐवजी चार झडपा आल्या आणि अश्वशक्ती २४० झाली. दादाची गाडी या आवृत्तीची. १९८५ साली एंजिन ३.२ लिटरचे झाले, अश्वशक्ती २७०. १९८९ साली एंजिन ३.४ लिटरचे झाले आणि पूर्वी आडवे बसायचे ते उभे बसवले. गिअरबॉक्स मात्र आडवी ठेवली. दोन्हींचा मिळून इंग्रजी 'टी' अक्षरासारखा आकार होतो, म्हणून गाडी झाली 'माँडियाल टी'. अश्वशक्ती भरली ३००. हीच मांडणी काही महिन्यांनी ३४८ या नव्या आवडतीला मिळाली, तेव्हा तिचे कौतुक झाले. नावडतीच्या घरी ती आधी शिजली होती, हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. १९८० चा शेरा १९९३ मध्ये गाडी बंद होईपर्यंत तिच्या कपाळी राहिला, आणि अजून आहे. एवढ्या तेरा वर्षांत या गाड्या सहा हजारांवर खपल्या, ही साक्ष तर कोणी काढतच नाही. कवीची एकही कविता न वाचता, केवळ गाइड चाळून त्याला दुर्बोध ठरवणारे विद्यार्थी मी रोज पाहतो. मोटारींच्या दुनियेतही गाइडे खपतात तर!

मात्र या बदनामीने दादाचा एक फायदा झाला. कित्येक वर्षे फेरारीच्या गाड्यांत सर्वांत स्वस्त मिळायची ती माँडियाल. पण इथे वाचकांना सावध करतो. हत्ती स्वस्तात मिळाला, म्हणून तो कमी खात नाही. एंजिनाच्या आत रबराचे दोन पट्टे असतात. झडपा आणि दट्ट्ये यांची वेळ सांभाळणे हे त्यांचे काम. पट्टा तुटला, तर झडप आणि दट्ट्या एकमेकांवर आदळतात आणि मालकाचे दिवाळे निघते. म्हणून पट्टे धडधाकट दिसले तरी काही वर्षांनी बदलावेच लागतात. दादाच्या गाडीत हे काम एंजिन जागेवर ठेवून होते. टी आवृत्तीत ते बाहेर काढावे लागते. त्याचीही सोय कारखान्याने केली आहे. गाडी उचलून मागची चौकट सोडवली, की एंजिन, गिअरबॉक्स वगैरे सगळा संसार खाली उतरतो. संसार उतरतो खरा, पण बिल चढते. दादा दर वर्षी गाडीसाठी पैसे बाजूला काढतो, आणि वहिनी त्या रकमेला 'नातेवाइकांचा आहेर' म्हणते.

आता चौथा आरोप. माँडियालला मागे दोन आसने आहेत.

हाच तिचा खरा गुन्हा! या जातीच्या गाडीत एंजिन चालकाच्या पाठीशी, मागच्या चाकांच्या पुढे असते. वजन मधोमध येते आणि गाडी वळणावर गोफणीसारखी फिरते. पण मग मुलांना बसवायचे कुठे? तिथे तर एंजिन! माँडियाल करणाऱ्यांनी एंजिन तिथेच ठेवले आणि मुलांसाठीही जागा काढली. त्यासाठी पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ३०८ पेक्षा ३१ सेंटीमीटरांनी, म्हणजे फूटभर वाढवावे लागले. वजन वाढले ते त्यानेच, रूप थोडे पसरट झाले ते त्यानेच. लेकुरवाळ्या बाईच्या कमरेविषयी बोलावे, तसे लोक तिच्याविषयी बोलतात ते या फूटभराबद्दल. १९९३ नंतर एंजिन मधोमध आणि आसने चार अशी गाडी फेरारीने पुन्हा केली नाही.

दादाने गाडी घेतली तेव्हा त्याची मुले सहा आणि नऊ वर्षांची होती. त्याच पैशांत थोडी भर घालून त्याला दोन आसनांची गाडी घेता आली असती. रविवारी जमणारे त्याचे हौशी मित्र तेच सांगत होते. "मग पोरांना घरी ठेवून जायचे?" एवढेच त्याने विचारले. या प्रश्नाचे मूळ मला ठाऊक आहे. सोलापूरला मामांची एक स्कूटर होती. पुढे उभा दादा, मग मामा, मध्ये ताई, मागे एका बाजूला पाय सोडून मामी आणि मामींच्या मांडीवर पिशवी. त्या स्कूटरवरून हे कुटुंब सिद्धेश्वराच्या यात्रेला जाई, लग्नांना जाई, आणि कोणी मागे राहत नसे.

पुढे मामा लेस्टरला गेले. दारात उभी असलेली लाल गाडी त्यांनी चारी बाजूंनी पाहिली. वेग विचारला नाही, किंमत विचारली नाही.

"किती जण मावतात?"

"चार," दादा म्हणाला.

"मग बरी आहे."

मोटारींविषयी मी पुष्कळ परीक्षणे वाचली आहेत. इतके नेमके क्वचितच वाचले.

दोन वर्षांपूर्वी मात्र प्रसंग बाका आला. मुले शिकून नोकरीला लागली, घर सोडून गेली. मागची आसने रिकामी पडली. मित्रमंडळींनी पुन्हा उचल खाल्ली, की आता ही विकून टाक आणि चांगली दोन आसनांची घे. गिऱ्हाईकही तयार होते. दादाने मला फोन केला. आवाज पडलेला होता. "तुझे काय मत?" त्याने विचारले. मी झडपांपासून अस्कारीपर्यंत सगळी बाजू मांडली. तो ऐकून घेत होता, पण वळत नव्हता. रिकाम्या आसनांपुढे वकिली चालत नाही.

निकाल लावला माझ्या पुतणीने. वय सव्वीस. मँचेस्टरहून तिने बापाला कळवले, की विकायचीच असेल तर मला विका, हप्त्याने पैसे देते. "ती माझी जागा आहे," असे ती म्हणाली. चालकाची नव्हे, डावीकडची मागची. त्या जागी बसून तिने स्कॉटलंड पाहिले होते, भावाशी भांडणे केली होती, गाडी लागून एकदा ओकलीही होती. पाठीमागे काही इंचांवर आठ सिलिंडर गात असताना तिला जशी झोप लागे, तशी पुढे कुठेच लागली नाही म्हणे. गिऱ्हाईक परत गेले. गाडी अजून दादाच्या दारात आहे, आणि पुतणीचा पहिला हप्ता अजून यायचा आहे.

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी तिकडे गेलो, तेव्हा वहिनींना पुढे बसवून मी मागे बसलो. माझे गुडघे हनुवटीशी आले होते, हे वकील असूनही सांगतो. मोठ्या माणसाची ती जागा नव्हे. शहर सोडल्यावर दादाने पायाखाली जोर दिला आणि पाठीशी तो सुप्रसिद्ध आवाज उठला. ३०८ मध्ये तो दोघांनाच ऐकू येतो. आम्ही तिघे ऐकत होतो, आणि एका जागेवर वहिनींची पिशवी होती.

राजाची जीभ का बिघडली, हे आता मला कळले आहे. तो नावडतीकडे कधी जेवायलाच गेला नव्हता. लोकांनी सांगितले अळणी, त्याने म्हटले अळणी. या दिवाळीत आपल्या ओळखीत अशी एखादी नावडती असेल, माणूस असो, पुस्तक असो, की गाडी, तर तिच्याकडे एकदा पाटावर बसून जेवून यावे. आणि ती माँडियाल निघाली, तर मागच्या आसनावर बसावे. पाय जरा आखडतील, तेवढे सोसावे.