संत्र्याचा हंगाम आणि लोण्याचे पीठ

दिवाळी आटोपली, कपाशीच्या वेचणीला जोर चढला आणि सातपुड्याकडून येणारा पहाटवारा अंगावर शहारा आणू लागला, म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या वरुड आणि मोर्शी तालुक्यांत संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी भरात येते. आणि नेमक्या त्याच दिवसांत, उन्हाळ्यात बोट लागताच पाझरून जाणारे लोणी वऱ्हाडच्या स्वयंपाकघरांत घट्ट व लाटण्याजोगे राहते. हा योग साधा दिसत असला, तरी त्यात या मुलखासाठी एका उत्तम खाद्यपदार्थाची आणि त्यायोगे काही घरांच्या उदरनिर्वाहाची तजवीज आहे, असे माझे मत आहे. संत्र्याचे सारण भरून लोण्याच्या पिठात भाजलेली लहान करंजी हा अमरावती-अकोल्याचा स्वतःचा जिन्नस व्हावा, तो खऱ्या लोणी-तुपातच व्हावा, आणि त्यासाठी लागणारी विद्या आपल्या माजघरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत असल्याने ती कोणाकडून उसनी आणण्याचे कारण नाही, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

साट्याची करंजी ज्यांनी केली आहे त्यांना तिच्या कृतीतील शिस्त सांगावयास नको. मैद्यात थोडा बारीक रवा मिसळून, कडकडीत तुपाचे मोहन घालून पीठ घट्ट भिजवावे व झाकून मुरू द्यावे. दरम्यान थिजलेले तूप परातीत तळहाताने फेसत राहावे, आणि ते हलके व पांढरेशुभ्र झाले म्हणजे त्यात तांदळाची पिठी मिसळून साटा सिद्ध करावा. मग पातळ पोळ्या लाटून एकीवर साटा पसरावा, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी अशी चळत रचावी, चळतीची घट्ट वळकटी करून तिचे तुकडे कापावेत, आणि कापलेली बाजू वर ठेवून इतक्या हलक्या हाताने लाटावे की पदर दबून एकजीव होऊ नयेत. सारण भरल्यावर कडेला मुरड घालून करंजी मंद आचेवर तळली, की पदर सुटे होऊन पाकळ्यांसारखे उलगडतात. पिठाचा थर, स्निग्धाचा थर, पुन्हा पिठाचा थर या ज्या तत्त्वावर पश्चिमेकडील पफ पेस्ट्री आणि आपल्या बेकऱ्यांतील खारी उभी आहे, तेच तत्त्व आपल्या गृहिणी कोणत्याही पाठशाळेची पायरी न चढता दरवर्षी दिवाळीत अमलात आणीत आल्या आहेत.

या कृतीतील प्रत्येक दस्तुराला कारण आहे. गव्हाच्या पिठात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिने असतात. पाणी लागून मळणी झाली की ती परस्परांत गुंतून ग्लुटेनचे चिवट जाळे तयार करतात. पावाला हे जाळे हवे असते, कारण त्यातच वायू कोंडून पाव फुगतो. करंजीला ते मर्यादेतच हवे असते. मोहनाचे तूप पिठाच्या कणांवर आवरण चढवते, त्यामुळे पाण्याला प्रथिनांपर्यंत सहज पोहोचता येत नाही, जाळे आखूड राहते आणि पीठ खुसखुशीत होते. भिजवलेले पीठ झाकून ठेवण्याचा जो शिरस्ता आहे त्यामागेही हेच शास्त्र आहे. तेवढ्या अवधीत ताणलेले जाळे सैलावते आणि लाटलेली पारी मागे आखडत नाही.

मात्र साट्यात तांदळाची पिठी का, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरात आपल्या प्रांताच्या हवेचे सगळे मर्म आले आहे. दुधातील स्निग्धांश ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास जवळजवळ पूर्णपणे वितळतो, आणि अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात असतो. थरांमधील स्निग्ध पदार्थ तळण्यापूर्वीच वितळला, तर तो पिठात मुरतो, दोन पदरांमधील आडपडदा नाहीसा होतो आणि सगळा गोळा एक होऊन बसतो. फेसलेल्या तुपात तांदळाची पिठी मिसळली म्हणजे तिचे कण तूप धरून ठेवतात, हवा थोडी उष्ण असली तरी साटा ओघळत नाही आणि पदर वेगळे राहतात. फ्रान्समधील मिठाईकारांच्या एका पद्धतीतही थरांचे पीठ करताना लोण्यात मैदा मळून घेतात, आणि त्याचा लाभ हाच, की लोणी आवरण्यास सोपे जाते. शीत देशातील कारागिरांना जी युक्ती प्रशस्त वाटली ती आपल्या उष्ण देशातील स्त्रियांनी आवश्यकतेपोटी आपलीशी केली होती. आणि म्हणून या विषयात आपण नवशिके आहोत ही समजूत प्रथम टाकून दिली पाहिजे.

तथापि तळलेल्या करंजीपासून भाजलेल्या करंजीकडे जाताना एक फरक ध्यानी ठेवावा लागतो. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश, तर बाजारात विकल्या जाणाऱ्या टेबल बटरमध्ये कायद्याने किमान ८० टक्के स्निग्धांश असावा लागतो आणि पाणी १६ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. भट्टीच्या उष्णतेत हेच पाणी वाफ होऊन पदर वर उचलते. म्हणून भाजावयाच्या पिठाला तुपापेक्षा लोणी अधिक मानवते. युरोप-अमेरिकेत फळांच्या पायसाठी वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग लोणी आणि एक भाग थंड पाणी असे एक प्रमाण रूढ आहे. गार लोण्याचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळावेत, हरभऱ्याएवढ्या गुठळ्या राहिल्या की थांबावे, माठातले गार पाणी बेताबेताने शिंपडून गोळा जुळवावा आणि मळू नये. घरचे लोणी वापरावयाचे तर ते गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन, दाबून, त्यातील ताक निथळू द्यावे. अन्यथा पाणी अधिक होऊन पीठ चिवट होते. लोण्याला वळण घ्यावयास १५ ते २० अंशांची हवा लागते, आणि डिसेंबर-जानेवारीत अमरावतीची पहाट याहूनही थंड असते. पहाटे पीठ लाटून घेतले, तर यंत्राच्या थंडाव्याची गरज क्वचितच पडेल.

वऱ्हाडला या कामी आणखी एक देणगी आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत, पूर्णाथडी म्हैस सांभाळली जाते, आणि तिच्या दुधातील स्निग्धांशाची वाखाणणी गोपालक पूर्वापार करीत आले आहेत. म्हशीच्या दुधाचे लोणी गाईच्या लोण्यापेक्षा थोडे कठीण असते आणि किंचित अधिक तापमानाला वितळते. उष्ण प्रांतातील थरांच्या पिठाला हा गुण फारच उपयोगी आहे. बागेतील फळ, गोठ्यातील लोणी आणि माजघरातील विद्या या तिन्ही गोष्टी ज्या मुलखात शेजारी शेजारी आहेत, तेथे त्यांची गाठ अद्याप पडलेली नाही, याचा मला मनापासून खेद वाटतो.

आता फळाविषयी. संत्र्याचे सारण करणे हे आंब्याचा रस आटवण्याइतके सोपे नाही, आणि येथेच पुष्कळांचे प्रयत्न फसतात. संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पातळ पडद्यांत अशी द्रव्ये असतात की रस काढल्यावर काही काळाने, आणि शिजवल्यास त्वरेने, त्यांपासून लिमोनिन तयार होऊन रसाला कडवटपणा येतो. नागपुरी संत्र्याच्या रसधंद्याची ही जुनी अडचण आहे. उपाय कष्टाचा असला तरी हाताशी आहे. फोडी सोलून, पडदा व बिया काढून, केवळ गर घ्यावा. तो थोड्या साखरेवर, मोठ्या आचेवर, अल्प काळच परतावा. सुवासासाठी सालीचा फक्त केशरी भाग किसून घालावा, आतला पांढरा भाग मुळीच येऊ देऊ नये. मग भाजलेला खवा किंवा तुपात परतलेला बारीक रवा मिसळावा, म्हणजे सुटलेला रस तो शोषून घेईल आणि तळची पारी ओली राहणार नाही. सारण पूर्ण गार झाल्याखेरीज भरू नये, कारण कोमट सारणाचा स्पर्शही लोण्याचे पदर बिघडवण्यास पुरेसा असतो. अशी करंजी २०० अंशांच्या भट्टीत वीस-पंचवीस मिनिटांत तांबूस होते.

संत्र्याच्या जोडीला हिवाळ्यातला पेरूही या पिठात उत्तम लागेल; त्यात पेक्टिन विपुल असल्याने त्याचे सारण स्वभावतःच आळते. सीताफळाचा मोह मात्र आवरावा, कारण त्याचा गर तापवला की कडू होतो. आंबिया बहार संपता संपता, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, मृग बहाराची संत्री उतरू लागतात. म्हणजे हवा तापेपर्यंत फळाचा तुटवडा पडत नाही, आणि फळ संपण्याच्या वेळीच लोण्याचेही दिवस संपतात. निसर्गाने आखून दिलेली ही मुदत उद्योगाने निमूट मान्य करावी. बारमाही विक्रीच्या हव्यासापायी उन्हाळ्यात पातळ होणारे लोणी टाकून वनस्पती तूप वापरण्याचा मार्ग पत्करला, तर सगळा खटाटोप व्यर्थ ठरेल.

वनस्पतीविषयी मी इतक्या आग्रहाने बोलतो याला कारण आहे. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि पुढील काही दशकांत स्वस्ताई व टिकाऊपणा या दोन गुणांच्या बळावर वनस्पतीने मिठाईच्या व बेकरीच्या धंद्यात आपला अंमल बसवला. द्रवरूप तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केले म्हणजे अधिक तापमानालाही घट्ट राहते, म्हणून उष्ण हवेत खारीचे आणि पॅटिसचे पदर त्याने सहज सुटतात, हे खरे. परंतु त्याच प्रक्रियेत निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले हृदयाला अपायकारक ठरल्यामुळे सरकारला क्रमाक्रमाने निर्बंध घालावे लागले, आणि जानेवारी २०२२पासून तेले व स्निग्ध पदार्थांतील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांवर आणावे लागले. अपायाची बाब कायद्याने पुष्कळशी आटोक्यात आली असे मानले, तरी चवीची बाब उरतेच. लोणी जिभेच्या उष्णतेने वितळते आणि आपला सुवास मागे ठेवते. अधिक तापमानाला वितळणारा स्निग्ध पदार्थ टाळूला चिकटून राहतो. संत्र्यासारख्या सुगंधी फळाला असल्या पिठात कोंडणे हा फळावर अन्याय आहे.

लोणी महाग आहे, हा आक्षेप वाजवी आहे आणि त्याची वासलात लावून पुढे जाणे योग्य नव्हे. लोण्याची करंजी खारीच्या भावात विकता येणार नाही. परंतु दिवाळीत घरी येऊन करंज्या करून देणाऱ्या स्त्रियांना, साजूक तुपाचा फराळ मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि त्यासाठी त्याने मोजलेल्या दामाला आपण सर्वजण ओळखतो. चांगल्या मालाची किंमत देणारा वर्ग अमरावतीत आहे, अकोल्यात आहे, आणि येथून पुण्या-मुंबईला गेलेल्या वऱ्हाडी कुटुंबांत तर निश्चितच आहे. दुसरा आक्षेप असा, की अशा किरकोळ पदार्थाने संत्रा उत्पादकाचे काय भले होणार. बांगलादेशाने आयातशुल्क चढवीत नेल्यापासून वरुड-मोर्शीच्या फळाची एक मोठी पेठ आक्रसली आहे, आणि बहार चांगला येऊनही भाव पडल्याने बागाइतदार हवालदिल होतो, हे दुःख करंजीने फिटणार नाही हे मी जाणतो. त्याला मोठे प्रक्रिया उद्योग, शीतगृहे आणि परराष्ट्र व्यापाराचे शहाणे धोरण हवे. परंतु आकाराने लहान म्हणून व्यापाऱ्याने बाजूला काढलेले फळ चवीला उणे असतेच असे नाही, आणि त्याचा गर सोलण्याचे, पीठ लाटण्याचे, मुरड घालण्याचे काम गावातल्या हातांना रोजगार देते. मोठा इलाज होईपर्यंत लहान इलाज करू नये असे कोणतेही अर्थशास्त्र सांगत नाही.

भांडवलाचा प्रश्नही समजला जातो तितका बिकट नाही. महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत दिवाळीच्या आधी घरचे पीठ, साखर आणि तूप घेऊन लोक बेकरीत जात व नानकटाई भाजून आणीत. भट्टी बेकरीवाल्याची आणि जिन्नस घरचा, अशी ती चोख व्यवस्था होती. बचतगटांनी हाच करार हंगामापुरता स्थानिक बेकऱ्यांशी करावा, म्हणजे आरंभी स्वतःच्या भट्टीचा खर्च टळेल. पुढे स्वतःची भट्टी घालावयाची तर २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेने पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद केलेली आहे.

यात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पुढाकार घ्यावा, अशी माझी विनंती आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांचे नाव आहे, आणि शेतकऱ्याने पिकवावे व त्याचा लाभही त्याच्याच घरी यावा, याची तळमळ भाऊसाहेबांनी जन्मभर बाळगली. त्यांच्या जयंतीच्या सुमारास, डिसेंबरअखेर, अकोल्यात कृषी प्रदर्शन भरते. तेव्हा आंबियाची संत्री बाजारात असतात आणि थंडीही भरात असते. त्या प्रदर्शनात एक भट्टी मांडून साट्याच्या करंजीत मुरलेल्या चार गृहिणींना शिक्षिका म्हणून सन्मानाने पाचारण करावे, त्यांना योग्य मानधन द्यावे, आणि लिमोनिन, ओलावा, टिकवण यांविषयी शास्त्रज्ञांनी त्यांच्या शेजारी उभे राहून मार्गदर्शन करावे. विद्यापीठाने प्रमाण निश्चित करून द्यावे. वेष्टनावर फळाचे गाव, बहार आणि वापरलेला स्निग्ध पदार्थ स्पष्ट छापण्याचा नियम उत्पादकांनी स्वतःहून पाळावा. माल कोणत्या लोण्याचा आणि कोणत्या बागेचा हे निःसंकोच सांगता येईल, त्या दिवशी या करंजीला जाहिरातीची गरज उरणार नाही. आणि गिऱ्हाइकांनीही दोन पैसे अधिक मोजून त्या सचोटीची बूज राखली, तर येत्या हिवाळ्यातच या कामाला आरंभ करता येईल.