शेवाळलेल्या तरण तलावाचे खरे बिल

मिठागरे आणि खाजण जमिनींच्या कडेने वाढलेल्या मीरा-भाईंदरमध्ये २००२ साली महापालिका स्थापन झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत येथे उंच गृहसंकुले उभी राहिली आणि त्यांच्या जाहिरातींत तरण तलावाचे निळेशार चित्र ठरलेलेच असे. बांधकाम व्यावसायिकाने इमारत सोसायटीच्या ताब्यात दिली की तलावाबरोबर त्याचा पंप, वाळूचा फिल्टर आणि खर्चही रहिवाशांकडे येतो. साहजिकच पहिली काटकसर तेथेच होते. पावसाळ्यात कोणी पोहत नाही, मग पंप बंद. आणि चार महिन्यांनी निळ्या फरश्यांच्या जागी हिरवा काला दिसू लागला की कार्यकारिणीपुढे सफाईचे दरपत्रक येते.

या दरपत्रकावर होणारी चर्चा बहुधा रसायनांच्या किमतीभोवती फिरते. वास्तविक शेवाळ मारणे हा यातील सर्वात स्वस्त भाग आहे. १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल असा सोसायटीचा तलाव धरला, तर त्यात सुमारे ८६ हजार लिटर पाणी मावते. शेवाळ मारण्यासाठी दहा लाख भाग पाण्यात १० ते ३० भाग क्लोरिन पुरते. ब्लीचिंग पावडरच्या हिशेबाने हे तीन ते आठ किलो होते. म्हणजे प्रश्न काही शे रुपयांचा. मात्र ते सायंकाळनंतर टाकावे लागते, कारण उन्हात क्लोरिन झपाट्याने उडून जातो. पाण्याचा सामू आधी ७.२ ते ७.८ या टप्प्यात आणावा लागतो. तो आठच्या पुढे गेला की तोच क्लोरिन निम्माही काम करीत नाही. भर दुपारी पिशव्या रिकाम्या करून ‘औषध लागू पडत नाही’ असे सांगणाऱ्या कामगाराचा दोष औषधात नसतो.

खर्च वाढतो तो यापुढे. मेलेले शेवाळ पाण्यात राखाडी गढूळपणा बनून तरंगते. ते तुरटीसारख्या द्रव्याने तळाशी बसवायचे, भिंती घासायच्या, गाळ नळीने ओढून बाहेर टाकायचा आणि पंप चार-पाच दिवस अखंड चालवून फिल्टर वारंवार उलटा धुवायचा, हे मजुरीचे आणि विजेचे काम आहे. दोन अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे दीड युनिट वीज घेतो. पाच दिवसांचे होतात १८० युनिट. एवढ्यावर भागले तर सोसायटी स्वस्तात सुटली म्हणायचे.

अनेकदा मात्र ठेकेदार सोपा मार्ग सुचवतो : सगळे पाणी सोडून द्या आणि नवे भरा. येथे हिशेब बदलतो. दहा हजार लिटरच्या टँकरने भरायचे झाल्यास त्या लहानशा तलावाला नऊ टँकर लागतात. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावाला सत्तेचाळीस. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी १३५ लिटरचा निकष लावला, तर पहिल्यातील पाणी ६४० माणसांचे आणि दुसऱ्यातील सुमारे ३,४७० माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे. मीरा-भाईंदरचे स्वतःचे धरण नाही. शहाड-टेमघर प्राधिकरण (स्टेम) आणि एमआयडीसी यांच्याकडून येणाऱ्या पाण्यावर २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांवर गेलेले हे शहर वाढले. सूर्या प्रादेशिक योजनेत त्याच्या वाट्याला दिवसाला २१८ दशलक्ष लिटर धरले गेले, त्यामागे टंचाईचा मोठा इतिहास आहे. अशा शहरात हिरवे झाले म्हणून तलावभर पाणी गटारात सोडणे केवळ त्या सोसायटीचा खासगी मामला राहत नाही.

टँकरचे पाणी कूपनलिकेचे असेल तर आणखी एक गोची. त्यात लोह असल्यास क्लोरिन पडताच पाणी तांबूस होते आणि हिरव्याऐवजी तपकिरी तलाव पदरी पडतो. शिवाय जमिनीत बांधलेला तलाव खाडीकाठच्या शहरात पावसाळ्यात रिकामा करणे धोक्याचे असते. भूजलाची पातळी वर असते, आतल्या पाण्याचे वजन गेले की खालचा दाब टाकीला उचलतो आणि तळाला तडे जाऊ शकतात. सफाईचे दरपत्रक मग दुरुस्तीचे होते. पाणी बदलण्याचे एक सबळ कारण मात्र आहे. वर्षानुवर्षे क्लोरिनच्या गोळ्या वापरल्याने पाण्यात सायन्युरिक आम्ल साचते आणि क्लोरिन लंगडा पडतो. तेव्हाही थोडे थोडे पाणी बदलून भागते.

चुकीच्या रसायनाची किंमत रिओ ऑलिम्पिकने जगासमोर मोजली. ऑगस्ट २०१६ मध्ये ठेकेदाराने ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले, त्याने क्लोरिन निष्प्रभ झाला आणि सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव हिरवा झाला. शेजारच्या तलावातही तोच प्रकार घडला. तेथे कलात्मक जलतरणासाठी पाण्याखालचे दिसणे आवश्यक असल्याने सुमारे ३७ लाख लिटर पाणी रातोरात बदलावे लागले. ऑलिम्पिकच्या आयोजकांना ते परवडले.

पाण्याखालचे दिसणे ही चैन नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये भाईंदरमधील महापालिकेच्या क्रीडा संकुलातील तरण तलावात एका शाळकरी मुलाचा बुडून मृत्यू झाला, तेव्हा प्रश्न उपस्थित झाला तो देखरेखीचा. गढूळ पाण्यात तर जीवरक्षक हजर असूनही देखरेख अशक्य होते, कारण तळाशी गेलेले मूल दिसतच नाही. ‘थोडे हिरवट आहे, चालेल’ म्हणत तलाव सुरू ठेवणे म्हणूनच सर्वात महाग काटकसर ठरते. बंद ठेवलेला हिरवा तलावही निरुपद्रवी नसतो. क्लोरिन संपलेल्या साचलेल्या पाण्यात डास अंडी घालतात.

बिल कोणी भरायचे, यावरून सभांत खडाजंगी होते. आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क प्रत्येक सदनिकेला समान असते, पोहणाऱ्या कुटुंबाला आणि कधीच पाण्यात न उतरणाऱ्या ज्येष्ठ दाम्पत्याला सारखेच. त्यामुळे देखभालीचा खर्च कापण्याच्या ठरावाला बहुमत सहज मिळते आणि वर्षअखेर त्याच सभासदांना सफाईसाठी वेगळी वर्गणी द्यावी लागते. पावसाळ्यात पंप रोज चार तास चालवला तर चार महिन्यांत सुमारे ७२० युनिट वीज लागते. त्याला थोडा क्लोरिन आणि आठवड्याची एक तपासणी जोडली की तलाव निळा राहतो. देखभालीच्या करारात हे चार महिने वगळलेले तर नाहीत ना, हे सहीपूर्वी पाहण्यासारखे आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते, म्हणजे ती नेमकी पाणी सर्वाधिक हिरवे असताना होते. पंपाच्या विजेची तरतूद त्याआधी मे महिन्यात, पंप बंद करण्याचा निर्णय होतो त्याच बैठकीत, करावी लागते.