मालाची वानगी आता मोबाइलमध्ये



कापसाची गाडी जिनिंगच्या फाटकात उभी राहिली की पहिला शब्द कानावर येतो, "माल ओला आहे." दुसरा, "कवडी फार आहे." माल घरून निघाला तेव्हा कसा होता याचा पुरावा गाडी आणणाऱ्याकडे नसतो. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीत तरी काय वेगळे होते? ग्रेडरने ढिगात हात घातला, प्रत सांगितली, झाले. एकाधिकार गेला. मालावरची नजर मात्र अजून घेणाऱ्याचीच आहे.

म्हणून या अंकात आम्ही मालाचा फोटो घरी कसा काढावा, यावर लिहीत आहोत. काही कार्यकर्ते म्हणतील, भावाचा लढा सोडून हे कसले फोटो स्टुडिओचे खूळ? त्यांनी थोडा दम धरावा.

शहापूर-मुरबाडकडे हे आम्हाला फार जाणवले. तो मुलूख भाताचा, नाचणी-वरईचा. कापूस तिथे नाही. पण दैन्य ओळखीचे आहे. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात. पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर येतो. भातानंतर पाणी असेल त्याची भेंडी-काकडी, नसेल त्याची वीटभट्टी. गिऱ्हाईक कल्याण-मुंबईत, म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण ते पाड्यावर येत नाही. शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेतल्या कातकरी तरुणांना गुळवेलीच्या ३५० टनांच्या, १ कोटी ५७ लाखांच्या मागण्या औषध कंपन्यांकडून मिळाल्याचे २०२१ साली जाहीर झाले. रानातली वेल एवढ्या लांबच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचू शकते. पण लांबच्या गिऱ्हाइकाला माल आधी दिसावा लागतो, आणि तिथेच आपले अडते. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत नवा तांदूळ जुना दिसतो, ट्यूबखाली निळसर दिसतो. शेजारच्या वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावावर बाजारात काय काय खपते हे मुंबईकराला विचारा. असा पोळलेला माणूस फोटो पाहून मागणी देतो आणि माल पाहून ती परत घेतो. जाण्यायेण्याचे भाडे शेतकऱ्याच्या बोकांडी.

तेव्हा फोटो म्हणजे वानगी, हे आधी पक्के धरा. वानगी सजवायची नसते. आम्ही शेतीशास्त्र शिकलो तेव्हा माती परीक्षणाचा नमुना घेण्याची रीत शिकलो होतो : शेतात दहा ठिकाणची माती एकत्र करायची, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचे. कापसाला आणि ज्वारीलाही हीच रीत लावा. वरचा, मधला आणि तळाचा माल मिसळा, चार भाग करा, उरेल त्याचा फोटो काढा. कवडी आली तर येऊ द्या. ती फोटोत आधीच दिसली की फाटकात तिचे भांडवल करता येत नाही.

सामान घरात आहेच. सकाळी उजेड येतो पण ऊन आत शिरत नाही असे दार किंवा खिडकी निवडा. उजेड मालाच्या बाजूने यावा. घरातला बल्ब बंद, मोबाइलचा फ्लॅश बंद. उलट बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा किंवा धुतलेले धोतर टांगा, म्हणजे काळी सावली मवाळ होते. मोबाइलची काच सुती फडक्याने पुसा, हात हलू नये म्हणून तो पायलीला टेकवा, आणि चित्र ओढून मोठे करण्याऐवजी स्वतः जवळ जा. दिव्यांच्या हजारो रुपयांच्या पेट्या विकायला कोणी आले तर त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

कापसाची गोष्ट थोडी अवघड आहे. पांढऱ्या चादरीवर कापूस ठेवला तर मोबाइल उजेड कमी करतो आणि शुभ्र माल राखाडी उतरतो. काळ्या कापडावर मूठभर ठेवला तर उलटे होते, माल पांढराफटक आणि तंतू नाहीसे. उपाय सोपा आहे. गडद सुती कापड घ्या (घोंगडी नको, तिचे केस कापसात जातात), चौकट बहुतेक कापसानेच भरा, पडद्यावर कापसावरच बोट ठेवा आणि तंतू सुटे दिसेपर्यंत उजेड कमीजास्त करा. ज्वारीला मात्र बाजूचा, तिरपा उजेडच हवा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मालदांडीची ती मोत्यासारखी चमक समोरून फ्लॅश मारला की मरते. शेजारी रुपयाचे नाणे ठेवा, दाण्याचा आकार कळतो. खरिपाची ज्वारी पावसात सापडून काळी पडली असेल तर ती काळीच दिसू द्या.

ओलावा आणि धाग्याची लांबी फोटोत दिसत नाही, हे खरे. सी.सी.आय. ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापते आणि १२ टक्क्यांच्या पुढे माल घेत नाही. म्हणून गावात एक ओलावा-मापक असावा आणि त्यावरचा आकडाही फोटोत यावा. सोबत एक चिठ्ठी : तारीख, वजन, कितवी वेचणी. फरदड असेल तर तसे लिहा. दुसरा फोटो गाडी भरल्यावर काढा.

आता मुद्दा भावाचा. २०२१ पासून ई-पीक पाहणीत सरकार आपल्याकडूनच पिकाचा फोटो घेते. सातबाऱ्यावर पीक लावायला शेतकऱ्याचा फोटो चालतो, तर प्रतीवरून तंटा झाल्यावर बाजार समितीत तो का चालू नये? फाटकात भाव पाडायचा असेल त्याने घरच्या फोटोतला माल आणि समोरचा माल यांतला फरक दाखवावा आणि कारण पावतीवर लिहून द्यावे. ही मागणी जिल्हा बैठकीत ठरावाच्या रूपाने यावी, असे आमचे मत आहे.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने किलोभर माल आणि त्याचाच घरी काढलेला फोटो आणावा. दोन्ही शेजारी ठेवू, आणि ज्याने माल पाहिलेला नाही त्याला आधी फोटोवरून भाव सांगायला लावू.