झेंडूचे चक्रवाढ व्याज

पर्युषण आटोपून आठवडा झाला होता. सोलापुरातील एका कापडव्यापारी कुटुंबात माळ्यावरची जुनी पेटी आवरण्यासाठी खाली काढण्यात आली आणि तिच्यातून काय निघते ते पाहण्यास घरातील सारी मंडळी भोवती जमली. रेडिओवर घालावयाचा झालरीचा रुमाल, चहाच्या ट्रेवरचे आच्छादन, कडेला मणी ओवलेले तांब्यावरचे झाकण, बाळंतविड्यातील टोपडे आणि पायमोजे. सारे क्रोशाचे, सारे सुती दोऱ्याचे. रेशीम या घरात कधी आलेच नाही, त्यामुळे आजींचा हात पहिल्यापासून सुतावरच बसलेला.

वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या नातीने रेडिओवरचा रुमाल उचलून उजेडात धरला. “आजी, ह्याचा नमुना कुठं लिहून ठेवलाय का?”

“लिहायचा कशाला? शेजारच्या काकूंचा रुमाल पुढ्यात ठेवायचा, खांब मोजायचे आणि विणत जायचं.”

ते शेजारचे घर आता नाही, त्या काकूही नाहीत. रुमालाला एका बाजूने कसर लागली होती. तो विरला असता, तर त्यातील नक्षी कोणालाच पुन्हा विणता आली नसती.

क्रोशाच्या कलेचा हा जुनाच दुबळेपणा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत नमुने हातातून हातात जात, कागदावर क्वचितच उतरत. त्यानंतर इंग्लंडात छापील पुस्तके निघू लागली. रिएगो द ला ब्रँशार्दिएर या बाईंनी १८४० नंतरच्या दशकांत क्रोशाच्या नमुन्यांची पुस्तकांमागून पुस्तके काढली. त्याच सुमारास, १८४५ पासून, आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि मोठा दुष्काळ पडला. त्या उपासमारीत जोगिणींच्या मठांनी आणि काही पाद्र्यांच्या पत्नींनी खेड्यांतील स्त्रियांना क्रोशाची लेस शिकविली. गुलाब, द्राक्षांचे घोस, तीन पाकळ्यांचे शॅमरॉकचे पान असे तुकडे सुटे विणावयाचे आणि मग जाळीने एकमेकांस जोडावयाचे, अशी ती पद्धत होती. आयर्लंडची ही लेस पुढे युरोपभर विकली गेली. सांगावयाचा मुद्दा एवढाच की, आज रिकाम्या वेळेची करमणूक म्हणून जी सुई हाती घेतली जाते, तिने एके काळी घरेच्या घरे उपासमारीतून तारून नेली आहेत.

ती जुनी पुस्तके आता कोणाच्या मालकीची राहिलेली नाहीत. ‘अँटिक पॅटर्न लायब्ररी’ नावाचा स्वयंसेवकांचा एक उपक्रम अशा मुदत संपलेल्या पुस्तकांची पाने जशीच्या तशी उतरवून सर्वांना विनामूल्य देतो. त्याखेरीज हल्लीच्या विणकर स्त्रियांनी स्वखुशीने मोकळे ठेवलेले नमुने अक्षरशः असंख्य आहेत. सणाचे, ऋतूंचे, प्राण्यांचे, फळांचे, खेळण्यांचे. ज्याला जो विषय आवडेल तो त्याने घ्यावा. नातीने दिवाळीचा विषय घेतला आणि झेंडूच्या तोरणाचा एक फुकट नमुना उतरवून घेतला.

पहिले फूल फसले. नमुन्यातील चित्रात गच्च, गोटीदार झेंडू होता. नातीच्या हातून झाली ती पसरट, विरविरीत अशी एक चकती. आजींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि निदान सांगितले. “मुका खांब हवा तिथं तू उभा खांब घातलास.”

चूक नातीची नव्हती, भाषेची होती, आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने ती आरंभीच समजून घ्यावी. क्रोशाच्या सुईवर दोरा न गुंडाळता घातलेला जो बुटका टाका, त्याला मराठी घरांत मुका खांब म्हणतात. अमेरिकेत त्याचे नाव ‘सिंगल क्रोशे’, इंग्लंडात मात्र त्यालाच ‘डबल क्रोशे’ म्हणतात. एक वेढा घेऊन घातलेला उभा खांब अमेरिकेत ‘डबल’, तर इंग्लंडात ‘ट्रेबल’. नाव एक आणि टाके दोन! नातीने शिकवणी अमेरिकन पाहिली होती आणि नमुना इंग्रजी बाईचा होता. नमुना हाती घेतल्यावर तो कोणत्या देशाच्या बोलीतला आहे हे प्रथम पाहावे. त्यात ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द आढळले, तर तो अमेरिकन आहे असे खुशाल समजावे, कारण इंग्रजी पद्धतीत त्या नावाचा टाका नसतो. दोऱ्याच्या आकड्यांतही अशीच उलटी गंमत आहे. वीस नंबरचा दोरा जाड, चाळीसचा बारीक. सुईचे मिलिमीटर मात्र सरळ चालतात. आकडा मोठा तशी सुई जाड. झेंडूसाठी जाडसर सुती दोरा आणि साडेतीन मिलिमीटरची सुई पुरे होते.

आता या झेंडूची कृती. चार साखळ्या जोडून लहानसा वेढा करावा आणि त्यात सहा मुके खांब भरावेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन-दोन खांब घालावेत, म्हणजे बारा होतील. तिसऱ्या फेरीतही प्रत्येकात दोन, म्हणजे चोवीस. चौथीत अठ्ठेचाळीस, पाचवीत शहाण्णव. तिसऱ्या फेरीपर्यंत काम जेमतेम सपाट राहते. चौथ्या फेरीत कडेला चुण्या पडू लागतात आणि पाचवीच्या अखेरीस त्या एकमेकींत इतक्या दाटतात की, वेगळ्या पाकळ्या करण्याचे कारणच उरत नाही. मागच्या बाजूने दोरा ओवून मध्य किंचित आवळला की झेंडू तयार. एकूण खांब होतात १८६.

हे गणित व्यापाऱ्याच्या घरात सांगण्याची आवश्यकता पडू नये. सपाट चकती विणावयाची असेल, तर दर फेरीला सहाच खांब वाढवितात: सहा, बारा, अठरा, चोवीस. हे सरळ व्याज झाले. झेंडूत मात्र दर फेरीला मुद्दल दुप्पट होते, हे चक्रवाढ. दहाव्या फेरीला सपाट चकतीच्या कडेला ६० खांब असतील; दुपटीच्या कामात ३,०७२ होतील. एवढी कड मावणार कोठे? ती चुण्यांत लपते. आणि वाढ मध्येच थांबविली, काही फेऱ्या तेवढ्याच खांबांच्या घातल्या आणि मग सहा-सहा कमी करीत नेले, तर चेंडू होतो. जपानी लोक ज्याला अमिगुरुमी म्हणतात, ती विणलेली इवलीशी बाहुली या एवढ्याच युक्तीवर उभी असते. चेंडू नारिंगी दोऱ्याचा केला तर संत्रे, लाल दोऱ्याचा करून वर दातेरी मुकुट चढविला तर डाळिंब. फुकटच्या नमुन्यांत गाजर, मुळा आणि कांदा यांचीच रेलचेल फार. घरातील धाकट्या नातवाने मोठ्या उत्साहाने गाजर मागितले, तेव्हा आजींनी त्याला संत्र्यावर राजी केले. दोऱ्याच्या गाजराने काही बिघडत नाही हे त्यांनाही ठाऊक होते.

दुपटीची हीच चुणी एका गणितज्ञ बाईंच्या फार उपयोगी पडली. दाइना ताइमिना या मूळच्या लाटव्हियाच्या. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांना अतिवलयी भूमिती शिकवावयाची होती. या भूमितीत पृष्ठभाग प्रत्येक बिंदूपाशी खोगिरासारखा वळलेला असतो. तो दाखविण्यासाठी कागदाचे तुकडे चिकटवून केलेली प्रतिरूपे असत, पण ती हाताळली की फाटत. ताइमिनाबाईंनी १९९७ मध्ये क्रोशाची सुई घेतली, ठराविक अंतराने टाके वाढवीत नेले आणि विद्यार्थ्यांच्या हाती घडी घालता येईल, ओढता येईल असा तो पृष्ठभाग दिला. पुढे २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या मूळच्या ऑस्ट्रेलियातील बहिणींनी लॉस एंजेलिसमध्ये त्याच कृतीतून प्रवाळ विणावयास घेतले, कारण समुद्रातील अनेक प्रवाळांची घडण हीच असते. तापत्या समुद्रात मरणाऱ्या प्रवाळांची आठवण म्हणून आरंभिलेल्या त्या कामात गावोगावच्या हजारो स्त्रिया सामील झाल्या आणि २०१९ मध्ये ते व्हेनिसच्या कलाप्रदर्शनात मांडले गेले. म्हणजे झेंडू वळणाऱ्या हाताला प्रवाळ वेगळा शिकावा लागत नाही. दोरा गुलाबी घ्यावयाचा, एवढेच.

नातीचे पहिले तोरण तयार झाले. अकरा झेंडू, मध्ये हिरवी पाने, वर पट्टी. तिने त्याचे छायाचित्र मैत्रिणींना पाठविले आणि फिरत फिरत ते पुण्यातील एका भेटवस्तूंच्या दुकानात पोहोचले. तिकडून विचारणा आली: दिवाळीपूर्वी चाळीस तोरणे हवीत, प्रत्येकी ३०० रुपये देऊ. नात हरखली. दोऱ्याचा खर्च तोरणामागे ११० रुपये, म्हणजे नफा १९० रुपये. चाळिसांवर ७,६०० रुपये.

एक अडचण तिच्या वेळीच ध्यानात आली. उतरवून घेतलेल्या नमुन्यावर, केवळ घरगुती उपयोगासाठी, असे लिहिलेले होते. फुकट मिळणे वेगळे आणि विकण्यास मोकळे असणे वेगळे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे चालतो. नमुन्याचे शब्द आणि चित्रे त्याचीच असतात. तिने तो कागद बाजूस ठेवला. दर फेरीस दुप्पट करण्याच्या युक्तीवर मात्र कोणाचीच मालकी नाही. पाने आणि पट्टी आजींच्या हातची घ्यावी असे ठरले.

रात्री जेवणे झाल्यावर आजोबांनी नेहमीप्रमाणे विचारले, “माल घरात कितीला पडतो?”

“एकशेदहाला, आजोबा.”

“आणि हात कोणाचा? त्याचा भाव कुठं धरलास?”

नात गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिने घड्याळ लावले. एका फुलाला तिला चाळीस मिनिटे लागत, आजींना पंचवीस. आजींच्या वेगाने धरले, तरी अकरा फुलांची २७५ मिनिटे आणि पाने, पट्टी, जोडणी मिळून १७५. एकंदर साडेसात तास. चाळीस तोरणांचे ३०० तास. ७,६०० रुपयांना ३०० ने भागले, तेव्हा तासाला सुमारे २५ रुपये आले. आजोबांनी तो आकडा दोनदा पाहिला. “आपल्या गोदामातल्या हमालाला मी याच्यापेक्षा जास्त देतो,” ते म्हणाले. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पेटीतले टोपडे, रुमाल, झाकणे अजून कोपऱ्यात तशीच पडली होती. पन्नास वर्षांत त्यांपैकी एकाही वस्तूची नोंद या घराच्या वहीत झालेली नव्हती.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर नावाचे गाव आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकविली आणि ती लेस परदेशांत जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेने १९८२ मध्ये त्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर पुस्तक प्रसिद्ध केले. तिने दाखविले ते असे की, बाजार साऱ्या जगाचा होता, व्यापार पुरुषांच्या हाती होता, आणि विणणाऱ्या बाईला मात्र घरी बसून फावल्या वेळात काहीतरी करणारी गृहिणी एवढेच समजले जाई. मजुरीही त्याच हिशेबाने मिळे. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही आनंदाची बाब खरी. परंतु कापडाच्या दुकानात क्रोशाचा स्वस्त झगा दिसला, तर घेणाऱ्याने आणि त्याहूनही विकणाऱ्याने, जरा थांबावे. यंत्रावर होते ते क्रोशासारखे दिसणारे विणकाम. व्यापारी प्रमाणावर खरा क्रोशा काढणारे यंत्र बाजारात नाही. ते टाके कोणाच्या तरी बोटांनीच घातलेले असतात.

आजोबांनी नवा हिशेब मांडावयास लावला. तासाला ६० रुपये धरून मजुरी ४५०, दोरा ११०, वर किरकोळ ४०. तोरण ६०० रुपये. दुकानाकडून दोन दिवस उत्तर आले नाही. नात अस्वस्थ झाली, घासाघीस करून चारशेवर यावे असे तिच्या आईलाही वाटू लागले. आजोबा मात्र अडून राहिले. तिसऱ्या दिवशी निरोप आला: चाळीस नकोत, आठ पाठवा. आठ तोरणांचे साठ तास. ते दोघींनी वाटून घेतले. दुपारी आजींच्या डोळ्यांना ताण पडू नये म्हणून त्यांच्याकडे पिवळा आणि नारिंगी दोरा दिला, गडद हिरव्याची पाने नातीने विणली. दिवाळीच्या बारा दिवस आधी पार्सल पुण्यास गेले. वहीत आजींच्या नावे खाते उघडले गेले आणि पहिली जमा पडली.

सुट्टीत नातीने तो रेडिओवरचा रुमाल पुन्हा बाहेर काढला. कोरी वही घेऊन ती आजींच्या समोर बसली. आजी भिंगातून पाहून खांब मोजीत, सांगत, ती लिहीत असे. किती साखळ्या, किती खांब, कोठे जाळी, कोठे पान. तेराव्या फेरीपर्यंत सारे जुळत गेले. चौदाव्या फेरीत एका पानाला खांब एकाने कमी आला. दोघींनी तीनदा मोजले.

“आजी, इथं चूक झालीय. मी बरोबर करून लिहू का?”

“नको. ती काकूंचीच आहे,” आजी म्हणाल्या. “त्यांच्याही रुमालात तिथं एक कमीच होता. आहे तसं लिही.”