तिसरे दार

दिवाळी अंकात वाचकांचे तोंड गोड करावे, कडू काही लिहू नये, असा एक संकेत आहे. तो मला ठाऊक आहे. पण करंजीच्या पारीतदेखील चिमूटभर मीठ लागते, हे ज्या घरात करंज्या होतात त्या घरात तरी सांगायला नको.

आमच्या पेणच्या मशिदीत कोणी परगावचा पाहुणा आला, की एक वाक्य त्याला हटकून ऐकवले जाते. (मशीद म्हणजे सिनेगॉग. आम्ही बेने इस्राएल लोक पूर्वापार आमच्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत आलो. पेणची मशीद १८६३ सालची.) ते वाक्य असे, की जगात ज्यूंचा छळ जिथे कधीच झाला नाही असा देश म्हणजे आपला हिंदुस्थान. पाहुणा मान डोलावतो, यजमान प्रसन्न होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. आमच्यापुरते ते वाक्य खोटे नाही. मी वडिलांकडून रोहेकर आणि आईकडून पेणकर. आमची आडनावे म्हणजे या जिल्ह्याचा नकाशाच: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, चेऊलकर. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आमचा वंश वाढला, अशी आमच्यात परंपरेने सांगितलेली कथा आहे. घाण्यावर तेल काढावे आणि शनिवारी घाणा बंद ठेवावा, म्हणून गावाने आम्हांला 'शनवार तेली' म्हटले. त्याहून अधिक चौकशी गावाने केली नाही.

परंतु चौकशी न करणे म्हणजे सहिष्णुता, असे समजण्याची आपल्याला सवय लागली आहे. गावाने आम्हांला एक खण दिला, नाव दिले, आणि त्या खणाच्या वर कोण व खाली कोण हे आम्हांला शिकवले. आम्ही ते हुशार विद्यार्थ्यासारखे शिकलो. इतके, की आमच्यातच 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असे दोन भाग पडले. काळे म्हणजे ज्यांच्या आईकडच्या वंशात कोणी परजातीची स्त्री होती, असा इतरांचा समज होता ते. त्यांच्याशी सोयरिक नाही, पंक्तीला बसणे नाही. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी आमच्या समाजाचा जो इतिहास लिहिला त्यात हा भेद नोंदलेला आहे. गंमत अशी, की कातडीच्या रंगाशी या काळ्या-गोऱ्याचा संबंध नव्हता. माझे आजोबा 'गोरे' होते आणि उन्हात उभे राहिले तर पाटीच्या दगडासारखे दिसत.

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे येते. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि पेण, रोहे, अलिबाग, मुंबई येथून आमची माणसे तिकडे जाऊ लागली. माझे थोरले काका पहिल्या काही वर्षांतच गेले आणि बीरशेबाला जाऊन राहिले. ज्या भूमीसाठी पिढ्यान् पिढ्या प्रार्थना केली, तिथे पोहोचल्यावर त्यांना कळले की आपण 'काळे' आहोत! नोकरीत, घर मिळण्यात, रांगेत. तुम्ही काळे, तुम्ही काळा पाव खा, असे पावासाठी गेलेल्या आमच्या माणसांना ऐकवले गेल्याची तक्रार त्या काळी झाली. १९५१ च्या नोव्हेंबरात सुमारे दीडशे बेने इस्राएल तेल अवीवला ज्यू एजन्सीच्या दारात जाऊन बसले. मागणी एकच: आम्हांला हिंदुस्थानात परत पाठवा. १९५२ साली शंभराहून अधिक माणसांना विमानाने मुंबईला आणून सोडण्यात आले. पुढे त्यांतले कित्येक पुन्हा तिकडेच गेले, तो भाग वेगळा.

तेव्हा कोकणात आमच्यासाठी हळहळ झाली. रोह्याच्या बाजारपेठेत माणसे वडिलांना थांबवून विचारीत, असे ते सांगत. आणि काय म्हणत? 'आपल्या माणसांना काळे म्हणतात म्हणजे काय!' हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकले आहे, की त्यातली मेख कळायला मला बरीच वर्षे लागली. राग कशाचा होता? माणसाला काळे ठरवून त्याच्या ताटातला पाव काढून घेतला, याचा नव्हे. आपल्याला काळ्यांत मोजले, याचा.

याहून मोठा प्रसंग दहा वर्षांनी आला. बेने इस्राएलांशी इतर ज्यूंनी विवाह करावा की नाही, हा वाद तिकडच्या धर्मपीठापुढे होता. १९६१ च्या ऑक्टोबरात प्रमुख रब्बींच्या मंडळाने विवाहाला हरकत नाही असे ठरवले. पण १९६२ च्या फेब्रुवारीत सूचना निघाल्या, की बेने इस्राएल अर्जदार आला तर त्याची आई, आईची आई, तिची आई, जितके मागे जाता येईल तितके जाऊन पाहावे, त्यात कोणी परकी तर नाही ना. वाचकहो, हा प्रश्न नीट पाहा. तो पुरुषाच्या पराक्रमाबद्दल नाही, कुटुंबाच्या आचाराबद्दल नाही. तो एका कधीच्या काळी मरून गेलेल्या बाईबद्दल आहे, जिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही आणि जिला स्वतःची बाजू मांडता येत नाही. वंशाची शुद्धी मोजायची झाली की माप नेहमी बाईच्या अंगाला लावतात. हे कोकणात मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

माझ्या चुलत बहिणीचे लग्न त्या वेळी इराकहून आलेल्या एका ज्यू कुटुंबात ठरले होते. कचेरीत तिला आजीबद्दल विचारले. काकांचे पत्र रोह्याला आले: दाखला पाठवा. वडील दोन दिवस पेणच्या बाजूला हिंडले आणि एका वृद्ध गृहस्थांकडून कागद लिहून घेऊन आले. त्यात लिहिले होते की हे घराणे मूळचे गोऱ्या इस्राएलांपैकी असून काळ्यांशी त्यांचा कधीही शरीरसंबंध झालेला नाही. (आमच्याकडे सोयरिकीला शरीरसंबंधच म्हणत, हसू नका.) त्या कागदावर लग्न पार पडले. घरात पेढे वाटले. आणि त्याच वेळी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला, ज्यांच्यावर गावाने काळ्याचा शिक्का मारला होता, असा कागद कोणी लिहून दिला नाही. अपमान करणाऱ्याला आम्ही जिंकले ते त्याचाच अपमान आमच्या शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकून.

या रीतीला मी 'तिसरे दार' म्हणते. १८९५ सालची गोष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेत दरबानच्या पोस्टात दोन दारे होती. एकातून गोरे जात, दुसऱ्यातून आफ्रिकी आणि हिंदी. गांधीजींनी आदल्याच वर्षी स्थापन केलेल्या नाताळ इंडियन काँग्रेसने याविरुद्ध पत्रव्यवहार केला आणि त्याला यश आले. काय यश? दारे तीन झाली! आफ्रिकी माणूस होता त्याच दाराशी राहिला. आम्हांला स्वतंत्र दार मिळाले. गांधीजी पुढे त्या विचारापासून फार दूर गेले, हे विसरून कोणी त्यांच्यावर तोंडसुख घेऊ नये. पण तिसरे दार मात्र आपल्या लोकांच्या मनात आजही उघडे आहे. अमेरिकेत भगतसिंग थिंद यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले, की मी उच्चवर्णीय हिंदू, आर्यवंशी, म्हणून मला गोऱ्यांत धरा. १९२३ साली न्यायालयाने ते फेटाळले. एक माणूस हरला असता तर चालले असते. त्या निकालाच्या जोरावर आधी नागरिक झालेल्या इतर हिंदी माणसांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले. ज्याच्या तराजूत आपण स्वतः जाऊन बसलो, त्याचे वजन खोटे म्हणायची सोय उरत नाही.

मग काय करायचे होते? ते १९६४ च्या उन्हाळ्यात तिकडच्या आमच्याच माणसांनी दाखवले. इस्राएलच्या निरनिराळ्या गावांतून ती जेरुसलेमला जमली आणि ठिय्या देऊन बसली. बायका होत्या, पोरे होती. दाखले घेऊन ती गेली नव्हती. आमची आजी शुद्ध आहे, हे सांगायला ती गेली नव्हती. आमच्या आजीबद्दल तुम्ही विचारताच का, एवढेच विचारायला गेली होती. आणि तो प्रश्न लागू पडला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी तिथल्या संसदेचे खास अधिवेशन भरले. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी सांगितले की सरकार बेने इस्राएलांना सर्व बाबतींत, कोणताही भेद न करता, ज्यू मानते. महिनाअखेरीस धर्मपीठाने सूचनांतून 'बेने इस्राएल' हे शब्द काढले आणि ज्या कोणाबद्दल शंका असेल तो, असे शब्द घातले. शब्द गेले, चौकशी राहिली. आपल्याकडे २०२० साली 'फेअर अँड लव्हली' या मलमाचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले, तशातलाच हा प्रकार. तरीही त्या बसलेल्या माणसांना मी फार मानते. माझ्या वडिलांच्या खिशातल्या कागदाने एक लग्न लागले. त्यांच्या बसण्याने एका सरकारला उत्तर द्यावे लागले.

रक्ताची चौकशी ज्यांना आवडते त्यांच्यासाठी एक बातमी. २०१६ साली बेने इस्राएलांच्या आनुवंशिकतेचा एक शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. आमच्या रक्तात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा अंश भरपूर आहे आणि इथल्या लोकांचाही भरपूर आहे, असे त्यात आढळले. शिवाय ज्यू अंश अधिक करून पुरुषांकडून आलेला, इथला अंश अधिक करून स्त्रियांकडून. म्हणजे आईची आई, तिची आई असे मागे मागे जात राहिले तर आमच्यातल्या पुष्कळ गोऱ्यांच्याही वाटेच्या टोकाला एखादी कोकणची बाईच उभी असायची! वाचून मला हसू आवरेना. पण या अभ्यासावरही मी फार भार टाकणार नाही. तो उलटा निघाला असता तरी काळ्या इस्राएलांना पंक्तीतून उठवणे योग्य ठरले नसते.

हे सारे जुने झाले, असे कोणाला वाटेल. तिकडे १९८४ साली आणि पुन्हा १९९१ साली इथिओपियाचे ज्यू विमाने भरभरून आले. १९९६ च्या जानेवारीत उघड झाले, की त्यांनी दान केलेले रक्त घेतले जात होते आणि न वापरता फेकले जात होते. मी चुलत बहिणीला फोनवर विचारले, तुम्ही काही बोललात की नाही? ती म्हणाली, 'अगं, ते वेगळे. आपण काही त्यांच्यासारखे नाही.' चौतीस वर्षांपूर्वी तिच्याच आजीची चौकशी झाली होती.

आणि इकडे? मुंबई-गोवा रस्ता आमच्या पेणवरून जातो. त्याच रस्त्यावर गोव्यात पर्वरीला २०१३ च्या ऑक्टोबरअखेर नायजेरियन माणसांनी आपल्या खून झालेल्या सोबत्याचे प्रेत ठेवून वाट अडवली, आणि नंतर गोव्याच्या एका मंत्र्याने त्या सगळ्या लोकांना कर्करोगाची उपमा दिली. मग त्याने माफी मागितली. २०१७ च्या मार्चमध्ये दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने मारले. ज्यांची मुले लंडनला, न्यू जर्सीला शिकतात आणि तिकडे कोणी वाकडा शब्द बोलला की ज्यांना रात्रभर झोप येत नाही, अशा किती घरांत या बातम्यांनी चहाचा घोट अडला? हे आपल्या जिल्ह्यात व्हावे याचे मला विशेष वाईट वाटते, कारण हबसाण इथेच होते. जंजिऱ्याचे नबाब आफ्रिकी वंशाचे सिद्दी. १८९० नंतरच्या दशकात त्यांनी शालोम बापूजी इस्राएल या आमच्या माणसाला संस्थानचा कारभारी नेमले. आईच्या आईचे नाव विचारून नेमले असेल असे वाटत नाही.

रोह्याजवळ धाटावला कारखाने आहेत. तिथे ठेकेदाराकडे कामाला एक पोरगा आला, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळकडचा सिद्दी. रोह्यात खोली शोधीत होता. आमच्या आळीतल्या एका घरमालकाने, जो माझा जुना विद्यार्थी, त्याला दारातूनच परतवले. पोरगा वळला, पुन्हा आला, खिशातून आधारकार्ड काढले आणि कोकणीत बोलू लागला. घरमालक विरघळला. 'अरे, मग आधी नाही का सांगायचं! मला वाटलं, तू नायजेरियन.' पोराला खोली मिळाली. मी ओट्यावर बसले होते. म्हटले, 'काय रे, आणि तो खरंच नायजेरियाचा असता तर? पैसे देणारा, कामाला जाणारा, असाच?'

'बाई, तुम्हीपण ना!' असे म्हणून तो हसला आणि किल्ली आणायला आत गेला.

दर दिवाळीला त्याच्याकडून माझ्याकडे फराळाचा डबा येतो. यंदा डबा घरात घेण्याआधी मी तो प्रश्न त्याला पुन्हा विचारणार आहे.